वाचनालयातला जांभळा दिवा

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाने रोगजंतूंशी युद्ध पुकारलं ते माझ्या आत्यामुळे. पण हे तेव्हा कुणी तोंडाने कबूल केलं नाही. सगळी सुशिक्षित माणसं होती. एखाद्या बाईचं नाव घेऊन तिला दाराबाहेर ठेवणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं. म्हणून ते नियम करायचे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. घरातली कामं उरकली की ती पुस्तक घेऊन बसायची, आणि मग तिला हाका मारण्यात अर्थ नसायचा. वडील वाचनालयाचे चिटणीस होते, तेव्हा पुस्तकं तिला घरी बसूनही मिळाली असती. पण तिला तिथे जायचं असायचं. बायकांसाठी खिडकीपाशी एक बाक होता, त्याच्या डाव्या टोकाला ती रोज संध्याकाळी बसायची. जगात आपली म्हणावी अशी तेवढीच एक जागा आहे, असं ती हसत म्हणायची, आणि आम्हा घरच्यांना ते लागायचं. मला तर फारच लागायचं, कारण ते खरं होतं.

एका उन्हाळ्यात ती खडवलीला दिराकडे मुंजीला गेली आणि देवी घेऊन परत आली. लहानपणी तिला टोचलं होतं म्हणे, पण ते उठलंच नव्हतं. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, आईने मागची खोली तिला दिली, आणि ती वाचली. चेहऱ्यावर वण राहिले. तिच्या उशाशी वाचनालयाची एक रहस्यकथा होती, ती वडिलांनी स्वतःच्या हाताने न्हाणीघरातल्या बंबात घातली. शेवटची थोडीच पानं वाचायची राहिली होती. खुनी कोण ते तिने नंतर बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकाने वेगळा सांगितला.

ती बरी झाली, खपल्या पडून गेल्या, डॉक्टरांनी आता काही भीती नाही असं सांगितलं. तोवर वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागलेली होती: सांसर्गिक आजार झालेल्या घरांतील सभासदांनी पुढील सूचनेपर्यंत वाचनालयात येऊ नये. खाली चिटणीस म्हणून वडिलांचीच सही. पुढील सूचना निघायची चिन्हं दिसेनात. पावसाळा सरला, दिवाळी झाली. आत्या संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसायची. घरात एवढे तांदूळ शिजतही नव्हते.

वडील फोर्टात विजेच्या सामानाच्या एका कंपनीत नोकरीला होते. कंपनीने परदेशातून इस्पितळांसाठी जंतू मारणारे दिवे मागवले होते, त्यातला एक पोचा आलेला म्हणून बाजूला पडला होता. वडिलांनी तो मिळवला. शस्त्रक्रियेच्या खोलीतली हवा ज्याने शुद्ध होते त्याने आपली पुस्तकं का होऊ नयेत, असं त्यांनी कार्यकारिणीला विचारलं. विज्ञानाला नाही म्हणण्याची तिथे कुणाची छाती नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग खरा वाद सुरू झाला. या अल्ट्राव्हायोलेट किरणांना मराठीत म्हणायचं काय? एक गट ‘जंबुपार’ म्हणे, दुसरा ‘नीलातीत’. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना दोन्ही शब्द नापसंत होते. दिव्याबरोबर आलेल्या इंग्रजी माहितीपत्रकाचं भाषांतर करायला उपसमिती नेमली गेली, आणि ती पहिल्याच परिच्छेदात या शब्दापाशी अडकली. बैठकांवर बैठका झाल्या. माहितीपत्रक उपसमितीच्या प्रमुखांच्या घरी गेलं ते तिथेच राहिलं. लोक आपले ‘जांभळा दिवा’ म्हणून मोकळे झाले.

दिवा एका काचेच्या दारांच्या कपाटात बसवला. परत आलेली पुस्तकं त्यात रचायची, दार लावायचं, बटण दाबायचं. फिकट जांभळा उजेड पडायचा आणि वीज कडाडल्यावर येतो तसा वास सुटायचा. लोक काचेबाहेर उभे राहून आदराने बघत. गुढीपाडव्याला कुणीतरी कपाटाला झेंडूची माळ घातली आणि ती कुणी काढली नाही. वाचनालयाची जागा ज्यांची होती ते घरमालक इथलेच जुने, पूर्वी मिठागरावर राबलेलं घराणं. त्यांनी वडिलांना विचारलं, या उजेडात मच्छर मरतात का? वडील म्हणाले, मच्छर नाहीत, त्याहून पुष्कळ सूक्ष्म जंतू मरतात, डोळ्यांना दिसत नाहीत असे.

“मंग मेले त्ये कला कसा?” मेले ते कळलं कसं, एवढं विचारून ते विडी ओढायला बाहेर गेले.

दिवा बसला तशी पुढील सूचना निघाली. पहिल्याच संध्याकाळी आत्या धुवट पांढरं लुगडं नेसून गेली आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसली. शेजारच्या बाईंनी नजर कपाटाकडे टाकली, मग तिच्याकडे, आणि सरकून जागा दिली. हे वडिलांनी घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगितलं. मी तर उघड रडले.

पण आनंद गुपचूप उपभोगावा हे मला कधी जमलं नाही. मी तेव्हा ठाण्याला एका शाळेत शिकवायला जायची. तिथल्या शास्त्राच्या सरांपुढे मी आमच्या दिव्याची इतकी फुशारकी मारली की एका रविवारी ते तो बघायलाच आले. त्यांनी कपाटात वाकून पाहिलं. रांगेत उभी केलेली, मिटलेली, ब्राऊन पेपरची कव्हरं घातलेली पुस्तकं.

“बाई, बंद पुस्तकात उजेड शिरत असता,” ते म्हणाले, “तर माझी मुलं पुस्तक न उघडता पास झाली असती.”

त्यांच्या समोरच एका ग्रंथाच्या पुठ्ठ्यातून ढेकूण निघाला आणि सावकाश दुसऱ्या ग्रंथात गेला.

वडिलांनी हे वार्षिक सभेत सांगायचं ठरवलं. मी खूप भांडले. आत्या बरी होऊन किती महिने झाले, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, हे डॉक्टरही सांगतात. मग दिवा लागतो तसा लागू द्या की. वडील म्हणाले, सभासदांशी खोटं बोलून मी बहिणीला बाकावर बसवणार नाही. ते असेच होते. ऑफिसची टाचणी चुकून कोटाला राहिली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारे. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला.

सभेत त्यांनी सांगितलं. एवढा हारतुऱ्यांनी बसवलेला दिवा फुकट म्हणायचा कसा? अखेर अध्यक्षांनी तोडगा काढला: दिव्याखाली पुस्तक उघडून एकेक पान फिरवावं, म्हणजे आतला जंतूही सुटणार नाही. टाळ्या झाल्या. पण आजाऱ्यांच्या घरातून आलेली पुस्तकं हाताळत कपाटापुढे बसायचं कोणी? टाळ्या थांबल्या. मग सभासदांतले डॉक्टर म्हणाले की ज्याला देवी येऊन गेल्या आहेत त्याला त्या पुन्हा येत नाहीत. सगळ्यांनी बायकांच्या बाकाकडे पाहिलं. वर्षभर ज्या बाईची डोंबिवलीला भीती वाटली, तीच त्या सभेपुरती गावातली सर्वांत सुरक्षित व्यक्ती ठरली.

आत्या दुसऱ्या दिवसापासून कपाटापुढे बसायला लागली. ती नुसती पानं फिरवणारी थोडीच. ती वाचत होती. नवं पुस्तक आधी तिच्या डोळ्यांखालून जायचं आणि मग गावात. सभासद तिला अदबीने विचारू लागले, हे कसं आहे, ते घेऊ का. मी तिला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग तिचे डोळे लाल दिसू लागले. सकाळी उठली की पाण्याची धार लागलेली, उजेड सहन होत नसे. आई म्हणाली धूळ गेली असेल, आणि गुलाबपाणी घातलं. मग गाल आणि हातही उन्हात करपल्यासारखे झाले. एका संध्याकाळी मी वाचनालयात गेले तर आत्या उघड्या कपाटात डोकं घालून, दिव्याच्या अगदी खाली, डोळे बारीक करून वाचत होती. मी तिला ओढून बाहेर काढलं.

“दादाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “दिवा बंद झाला तर मीही बंद.”

मी सांगितलं. वडील तसेच उपसमितीच्या प्रमुखांकडे गेले आणि माहितीपत्रक घेऊन आले. पहिल्या परिच्छेदावर पेन्सिलीने केलेली पुष्कळ खाडाखोड होती. शेवटचा परिच्छेद कोरा करकरीत, कुणी वाचलेलाच नाही: या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, कातडीवर प्रकाश पडू देऊ नये. वडिलांनी तो दोनदा वाचला. सभेत हे सांगितलं की दिवा जाणार, आणि दिवा गेला की फळ्यावरची जुनी सूचना परत येणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेले नाहीत. वाचनालय उघडण्याआधी किल्ली आणि एक पिशवी घेऊन तिकडे गेले. परत आले तेव्हा पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी माळ्यावर पितळेच्या मोठ्या भांड्यांमागे सरकवलं. आमच्या गणपतीच्या आराशीतला निळा बल्ब त्या दिवसापासून घरात दिसेनासा झाला. त्या वर्षीच्या अहवालात दिव्याच्या कामगिरीबद्दल समाधान व्यक्त केलं आहे, पुस्तकांवाटे एकही आजार पसरला नाही असं म्हटलं आहे, आणि खाली वडिलांची सही आहे. त्यांच्या साऱ्या खरेपणापेक्षा मला त्या सहीचा अभिमान जास्त वाटतो.

आत्याचे डोळे आठवड्याभरात निवळले. एकदा चहा पिताना ती वडिलांना म्हणाली, “दादा, हल्ली दिव्याचा तो वास येत नाही.”

वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “व्होल्टेज कमी असेल.”

आत्याने बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि वाचनालयात जायला उठली.

“मग कमीच राहू दे,” ती म्हणाली.