तो हंडा आमचा नव्हता

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. माफ करा. चार लोकांनी वाचावं म्हणून आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात मी साउंडचं काम करतो. म्हणजे ऐकायचं. बोलायचं काम दुसऱ्यांकडे असतं. लिहितानाही सारखं वाटतंय, आता मागून कुणीतरी म्हणेल, तुला कोणी विचारलंय? कोणीच विचारलेलं नाही. तरी लिहितो.

"घर खूपच स्वच्छ आहे यार."

आमच्या उंबऱ्यात उभं राहून तनीषा हे बोलली. तक्रारीच्या सुरात. तनीषा आमच्या ग्रुपची डिरेक्टर. मागे कॅमेरा घेऊन ईशान. मी दोघांच्या मागे, माइकची काठी धरून, माझ्याच घराच्या बाहेर. आत आई उभी होती. तिला वाटलं कौतुक चाललंय. ती हसली.

आई हसली हे मला अजून विसरता येत नाही.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात मीडिया प्रॉडक्शन शिकतो. शेवटचं वर्ष. या वर्षी ग्रुप करून एक माहितीपट करायचा असतो आणि मार्क सगळ्या ग्रुपला मिळून मिळतात. मला कुठलाच ग्रुप घेत नव्हता. माझं इंग्रजी अडखळतं, कॅमेरा माझ्याकडे नाही. मग तनीषाने विषय काढला, दहिसरच्या नदीकाठची वस्ती. सर म्हणाले, "याला घे. याच्याकडे अ‍ॅक्सेस आहे." म्हणजे मी तिथलाच, माझ्यामागून आत शिरता येईल. त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेलो. आईला सांगितलं, माझ्याकडे अ‍ॅक्सेस आहे. तिने विचारलं, "ता काय असता?" मला नीट सांगता आलं नाही. तिने दुसरं विचारलं, "तुझा नाव येतला मां पडद्यार?" म्हटलं, येणार. शेवटी सगळ्यांची नावं येतात.

आमच्याकडे नाव रेशनकार्डावर असतं, शाळेच्या दाखल्यावर असतं. पडद्यावर कुणाचं नसतं.

शूटिंग आपल्या घरी आहे म्हटल्यावर तिने भिंतींना रंग दिला. फिकट पिवळा. मी स्टुलावर चढून वरचं लावलं, तिने खालचं. बाबा पवईला वॉचमन आहेत, त्यांनी ड्यूटीवरून येऊन माळ्याची फळी घासली. त्या दिवशी आईने मोरपंखी साडी नेसली, लग्नाकार्यात नेसायची. घावणे केले, खोबऱ्याची चटणी केली. "ये गो बाय, बस," असं म्हणून तनीषाला खुर्ची पुसून दिली. तनीषा म्हणाली, "नको आंटी, आम्ही खाऊन आलोय." ईशानने मात्र उभ्याउभ्या दोन घावणे खाल्ले, झकास म्हणाला. आईने त्याला तिसरा वाढला.

तिसरा खाऊन झाल्यावर त्यानेच ती भिंत खराब केली.

त्याचा दोष नव्हता. तसं करायला तनीषाने सांगितलं. भिंत फार नवी दिसते, कुणाला खरी वाटणार नाही. ईशानने झाडांवर मारायच्या बाटलीतून पाण्याचे फवारे मारले. मग आईच्या चहाचं उरलेलं पाणी कापडाने कोपऱ्यात पुसलं. ओल धरल्यासारखा डाग पडला. फ्रिजवर जुनी चादर टाकली. माझी पुस्तकं कपाटावरून काढून मोरीत ठेवली. कोरड्या बाजूला ठेवली, हेही सांगायला हवं. ते वाईट वागले असं मला लिहायचं नाही. ते फ्रेम लावत होते. आम्हाला शिकवतातच तसं, फ्रेममध्ये नको ते दिसू द्यायचं नाही.

त्या नको त्यात आमच्या भिंतीवरचा फोटोही आला.

आमच्याकडे देव्हारा नाही. निळ्या कोटातला एक फोटो आहे. माझ्या आजोबांनी गिरणीत असताना आणलेला. गिरणी बंद पडली, परळची खोली गेली, इथे येताना आजोबांनी तो फोटो मांडीवर ठेवून आणला होता. तनीषा माझ्या कानाशी आली. "हा जरा काढूया का? फ्रेम लगेच पोलिटिकल होते. तूच काढ ना, आम्ही काढला तर आंटींना बरं नाही वाटणार."

मी काढला. खिळा तेवढा राहिला. आईने माझ्या हातातून फोटो घेतला, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळला आणि माळ्यावर, पाय लागणार नाही अशा जागी ठेवला.

मग साडी.

"आंटी, रोज घरात काय घालता तुम्ही? गाऊन वगैरे? तोच घाला ना. रिअल वाटेल." आईने माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोनची वायर सोडवत होतो. ती गुंतलेली नव्हती. आई माळ्यावर गेली आणि गाऊन घालून खाली आली. अंगावर ओढणी घेऊन. ओढणीही नको म्हणाले.

त्या गाऊनवर मी आईला माइक लावला. छोटा, शर्टाच्या बटणाएवढा. त्याची डबी कमरेला. त्यात माणूस पुटपुटलं तरी मला हेडफोनमध्ये ऐकू येतं, बाकी कुणाला काही कळत नाही. माझ्या कामाची एवढीच जादू आहे. आईला ती मी घरी करून दाखवली होती. ती नदीच्या पुलावर जाऊन बोलली होती आणि मी घरात बसून ऐकलं होतं. पोरीसारखी हसली होती तेव्हा.

घरातल्या बोलण्याचं शूटिंग झालं. सुरुवातीला तनीषाने रीतीप्रमाणे विचारलं, "आंटी, आम्ही तुमचं शूटिंग करू ना? कुठेही दाखवलं तर चालेल?" आई म्हणाली, "हो. घेवा." कॅमेऱ्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.

मला वाटलं संपलं. तनीषाने विचारलं, "पाण्याचं काय? नळ कुठाय?"

आईने अभिमानाने मोरीतला नळ दाखवला. सोडूनही दाखवला.

"अच्छा. नाही, बाहेरचा. कॉमन."

वस्तीच्या तोंडाशी, वरच्या चाळीच्या पायऱ्यांपाशी एक सार्वजनिक नळ आहे. अजून चालू आहे, आता तिथे फक्त रिक्षा धुतात. तनीषाला शेवटी एक शॉट हवा होता. बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते आहे. मी म्हणालो, आमच्याकडे हंडा नाही. माझा विरोध तेवढाच. ईशान शेजारच्या सुरेखामावशीकडे गेला. मावशीने विचारलं, "कशाला रे? लग्न आहे का कोणाचं?" आणि माळ्यावरून पितळेचा हंडा काढून दिला. तनीषाने त्याला ओली माती फासून तो थोडा मळवला.

आई तो हंडा घेऊन नळाकडे निघाली. कॅमेरा लांबून. मी त्याहून लांब, दुकानाच्या ताडपत्रीखाली, हेडफोन लावून. माझ्या कानात आईचा श्वास. चपलांचा आवाज. मग ती बोलायला लागली. ओठ जेमतेम हलवत. तनीषा आणि ईशानला वाटलं, बाई गप्प चालली आहे.

"झिला, ऐकतंस मां?"

मी मान हलवली. तिला लांबून ते दिसणार नव्हतं.

"मी लगीन होऊन इलंय तेवा हयच पाणी भरायचंय. सगळ्यांचा झाला काय मगे आमचा. आमचो हंडो लागलो तर वरच्या चाळीतल्यो बायको नळ धुवन घेयत. तुझ्या आजयेक एकदा ढकलून दिल्यानी, हयच. गुडघो फुटलो तिचो. घराक नळ इलो त्या दिवशी मी म्हटलंय, परत हय येवचंय नाय."

पाणी हंड्यात पडायला लागलं. त्याचा आवाज तिच्या आवाजावर आला. मी हाताने हेडफोन कानावर दाबले.

"आज इलंय. तुझ्या मार्कांसाठी."

हंडा भरला. तिने तो डोक्यावर घेतला आणि चढ चढायला लागली. तनीषा हळूच म्हणाली, "ब्यूटिफुल." मग, "आंटी, वन्स मोअर. चेहऱ्यावर थोडं थकलेलं."

आई परत खाली गेली. ती पुन्हा काही बोलली नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. शॉट संपला की साउंडवाला म्हणतो, आवाज घ्यायचाय, आणि मग सगळ्यांनी आहे तिथे गप्प उभं राहायचं. जागेची शांतता टेप करायची असते, पुढे एडिटिंगला लागते. साउंडवाल्याला सगळ्यांना गप्प करायचा हक्क तेवढा एकदाच असतो. त्या दिवशी मी म्हणालो, आवाज घ्यायचाय. तनीषा थांबली, ईशान थांबला. आई हंडा डोक्यावर घेऊन तशीच थांबली, कारण उतरवला तर आवाज होईल. आणि मला काहीतरी बोलायचं होतं. सगळे गप्प होते, मी बोलू शकलो असतो. मीही गप्प राहिलो.

पुढे फिल्म वर्गात दाखवली. शेवटी तो शॉट आला. आई चढ चढते आहे, आणि आवाजाच्या जागी बासरी. तिचे शब्द नव्हते. मी दिलेली फाइल तनीषाने ऐकली होती. "नॉईज खूप आहे, आणि ती लँग्वेज कोणाला कळणार," एवढंच म्हणाली होती. ज्या नळावर माझ्या आजीला ढकललं, त्या नळावर बासरी वाजत होती. पुढच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसत होती. शेवटी नावं आली. आईचं नाव नव्हतं, "वस्तीतील एक महिला" असं होतं. माझं होतं. पांढऱ्या अक्षरात, आडनावासकट.

दिवे लागले. सर म्हणाले, "मूव्हिंग. शेवट तर फारच छान. साउंड कोणाचं?"

मी उभा राहिलो. बाक धरला.

"सर, आमच्या घरात नळ आहे."

कोणीतरी हसलं. सर म्हणाले, "म्हणजे?"

"माझ्या आईला त्या नळावर नेलं. हंडा पण आमचा नाही. भिंत तिने रंगवली होती. भिंतीवरचा फोटो उतरवायला लावला."

तनीषाचे डोळे भरले. तिला खरंच वाईट वाटलं असावं. "मी सगळं विचारून केलंय सर. हा तिथेच होता."

होतो. तेच तर.

सर समजुतीने बोलले. "अरे, थोडं रिक्रिएशन, म्हणजे प्रसंग पुन्हा उभा करणं, चालतं. तुझ्या घरी नसेल, पण कितीतरी घरी ही परिस्थिती आहेच ना? तू इतकं पर्सनली घेऊ नकोस."

माझ्याच आईचं होतं ते. मी ते कसं घ्यायचं होतं, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा मी म्हणालो, "तो शॉट काढा. नाहीतर माझं नाव काढा."

मला वाटलं, यातलं दुसरं कोणी निवडूच शकणार नाही. नाव काढणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी आमच्या घरच्या मापाने मोजलं. एखाद्याचं पडद्यावर आलेलं नाव कोण कसं पुसेल? शॉटच काढतील. मी तेवढ्या विश्वासाने खाली बसलो.

नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. सरांनी लॅपटॉपवर आईचा तो तुकडा लावला. "हो. घेवा." पुन्हा लावला. "हो. घेवा." म्हणाले, "त्यांनी कॅमेऱ्यासमोर परवानगी दिली आहे. फिल्म आता कॉलेजची आहे. तरी तुझं म्हणणं मी कमिटीकडे पाठवतो." मी सांगायचा प्रयत्न केला की ती कॅमेऱ्याला नाही, मला हो म्हणत होती. वाक्य इंग्रजीत सुरू केलं, अर्ध्यात अडकलो. मराठीत सुरू केलं, तिथेही अडकलो. थँक यू सर म्हणून बाहेर आलो. थँक यू का म्हणालो, माहीत नाही.

त्यानंतर वाट बघणं. ग्रुप माझ्याशी बोलत नव्हता. ईशानने एकदा कँटीनमध्ये विचारलं, "आंटी ओके ना?" मी ओके म्हणालो. फोटो आईने त्याच दिवशी परत लावला होता. भिंतीवरचा डाग गेला नाही. त्यावर तिने कॅलेंडर टांगलं. रोज विचारायची, "कधी दाखवतले रे पिच्चर? सुरेखाक पण नेवया. तिचो हंडो आसा." मी म्हणायचो, बघू. नळावर ती काय बोलली, याविषयी ती बोलत नाही. मीही नाही. ते तिने माइकात म्हटलं आणि मी हेडफोनमध्ये ऐकलं, तेवढंच.

काल निरोप आला. कळणारा मी आपला शेवटचा. ग्रुपला, वर्गाला, ऑफिसातल्या लोकांना आधीच माहीत होतं. सरांचा मेसेज होता, दोन ओळींचा. फिल्म बाहेरच्या महोत्सवासाठी निवडली गेली आहे, अभिनंदन. आणि तुझ्या विनंतीचा कमिटीने सहानुभूतीने विचार केला असून तुझं नाव काढण्यात आलं आहे.

शॉट आहे. बासरी आहे. हंडा आहे. आई आहे, नावाशिवाय. आता तिचा मुलगाही त्यात नाही.

आई समोर भांडी घासत होती. आमच्याच नळाखाली. तिने विचारलं, "काय इला?" मी तिला सगळं सांगितलं, वर्गातल्या बासरीपासून केबिनपर्यंत. नावाचंही सांगितलं. तिने नळ बंद केला. हात पुसले. म्हणाली, "माझो आवाज खय आसा?"

"माझ्याकडे आहे."

"मगे?"

ती फाइल घेऊन उद्या मी सरांच्या केबिनमध्ये जाणार आहे. आई सोबत येतेय, मोरपंखी साडीत. दारातच मी सांगणार आहे, आवाज घ्यायचाय, सगळे गप्प उभे राहा. मग ती बोलेल. ऐकलं नाही तर परवा जाऊ. तेरवाही जाऊ. मार्क त्यांच्याकडेच राहू देत. नाव मला परत नको. आई परत हवी आहे.