दोन बोटांचा जोर

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगतो. लिंबायतच्या भगवाननानांवर, गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या टपालाने. पेटंट कार्यालयाने कळवलं, तुमचा दावा संदिग्ध आहे. भाद्रपदात नाना गेले, छातीत कळ येऊन. त्यांची मुलगी आमच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "दादा, नाना गयात..."

नाना नंदुरबारकडचे, आधी इथे कापडाच्या लूमवर, मग प्लेगच्या साथीनंतर तेल शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या टोळीत. जमिनीत सुरुंग उडवायचा आणि खालून परतणारा हादरा रांगेने रोवलेल्या मुठीएवढ्या यंत्रांनी टिपायचा, असं ते काम. खाडीकडच्या चिखलात यंत्र डगमगे, नोंद बिघडे. नानांनी लूमवरचा टाकाऊ धागा चिकणमातीत कालवून यंत्राभोवती ठासला आणि नोंद स्वच्छ आली. साहेब लोक बघत राहिले. 'हाताने ओढून हलेनासं होईपर्यंत ठासावं' असं त्यांच्या पेटंटच्या दाव्यात मी लिहिलं. मी युनियनची पत्रकं लिहितो. वाटलं, याहून स्पष्ट काय असतं?

कार्यालयाने विचारलं, कुणाच्या हाताने? किती जोराने? मी पेटलो. कष्टकऱ्याच्या हातावर अविश्वास, वगैरे चार पानं खरडून नानांना वाचून दाखवली. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "झकास. मिलना गेटवर वाटी दे. पन हाई पत्रक शे, जवाब नई." मग हसले. "सायेबना सवाल बराबर शे, भाऊ. पैलवान वढी तं खड्डाबी वर यी."

विरोधकाचा प्रश्न इतक्या मोकळेपणाने मान्य करणारा माणूस मी आमच्या चळवळीतही पाहिला नाही. पण नाना नमले नाहीत. टोळीतले सगळे लूमवरून आलेले. ताण्याचा धागा दोन बोटांनी पारखतात तसंच ते यंत्रही पारखत. जोर ठरलेलाच होता, मी तो लिहिला नव्हता... नानांनी भंगारातून स्प्रिंगचा वजनकाटा आणला, टोळीतल्या माणसांना बोलावून दोन बोटांनी ओढायला लावलं. तिघं आले. तिघांचाही काटा एकाच रेघेवर थांबला. तिथे नानांनी पेन्सिलीने खूण केली.

चौथा यायच्या आधी नाना गेले.

काटा त्यांच्या ओट्यावरच्या खिळ्याला अजून तसाच आहे. उत्तराची मुदत दिवाळीपर्यंत. तिघांच्या बोटांवर कार्यालयाचं समाधान होणार नाही, आणि पत्रक मी लिहिणार नाही. नानांच्या टोळीत काम केलेले तुम्ही पर्वत पाटियाला असा की पलसाण्याला, येत्या रविवारी लिंबायतला या. दोन बोटं लावा आणि ओढा.