साडभाऊ आणि उन्हातला कार्यक्रम

अकोल्यात आमच्या साडभाऊंनी ज्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं नाही असा माणूस आता उरलेला नाही, आणि उरलाच असेल तर तो गॉगल लावून फिरत असणार. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या शहरात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडी घेऊन जा, ते तिच्यावरचं ब्लाऊजपीस काढून देतात. नुसत्या पिवळ्यातच त्यांना लिंबू, हळदी, मोहरी, केतकी आणि आणखी कितीतरी दिसतात. मला त्यातला एकच दिसतो. ट्यूबलाइटखाली मात्र ते गिऱ्हाइकाला रंग पसंत करू देत नाहीत. ‘‘बाई, उन्हात नेऊन पाहा. लाइट खोटं बोलते,’’ म्हणतात आणि कापड घेऊन स्वतःच रस्त्यावर जाऊन उभे राहतात.

पाच वर्षांपूर्वी ताई, म्हणजे साडभाऊंची बायको, गेल्या. पाठ दुखायची, जेवण जाईना, अंगाला खाज सुटायची. डोळे पिवळे झालेत हे शेजारणीनं सांगितलं. जन्मभर पिवळं कापड विकलेल्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग सगळ्यांनी एकमतानं कावीळ ठरवली आणि काविळीची माळ घालायला नेलं. माळ गळ्यातून लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा आपल्याकडे हिशेब. चांगला शिकलासवरलेला मास्तर असून मीही सोबत गेलो होतो. माळ रोज लांबत होती आणि आम्ही रोज खूश होत होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि उशीर झाला. तेव्हापासून साडभाऊंना आयुष्यात एकच गोष्ट हवी आहे: एक तरी माणूस वेळेत पोचवायचा.

त्यासाठी ते जनजागृतीचे कार्यक्रम घेतात. भर दुपारी बारा वाजता, उघड्या मैदानात, अकोल्याच्या मे महिन्यात. डोळ्यांचा खरा रंग उन्हातच कळतो, असं त्यांचं म्हणणं. प्रमुख पाहुणे म्हणून अमरावतीहून आलेल्या एका डॉक्टरांनी डोक्यावर ओला टॉवेल ठेवून भाषण केलं आणि पुन्हा कधी फोन उचलला नाही. साडभाऊ स्वतः रबरी शेकाची पिशवी हातात धरतात, तिच्यामागे मक्याचं कणीस लपवतात. ‘‘हे पिशवी म्हंजे जठर. अन् हे मांगं लपून बसलं ते स्वादुपिंड. कावीळ दिसली, तं त्याची चौकशी करा. माळ घालाची असन तं घाला, पन आंधी दवाखाना!’’ त्यानंतर श्रोत्यांनी रांगेत यायचं आणि खालची पापणी ओढून दाखवायची. श्रोते तोवर कडुनिंबाखाली गेलेले असतात. एकदा नात्यातल्या हळदीला त्यांनी नवरदेवाचे डोळे तपासायला घेतले. चारी बाजूंनी पिवळंच पिवळं. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘इथं काई समजत नाई बापा.’’ नवरीकडचे तीन दिवस काळजीत होते.

या सगळ्या भाषणांत ताईंचा उल्लेख मात्र कधी नसायचा. मी एकदा म्हटलं, ‘‘साडभाऊ, ताईंचं सांगा, लोक ऐकतील.’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुकानात उधार मागितलं. ‘‘घरचं दुखनं काउंटरवर नाई मांडत गुरुजी.’’ विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याला कार्यक्रम ठेवला. तिथल्या मंडपवाल्याला त्यांनी खुर्च्या आणि माइक आणायला सांगितलं आणि मंडप आणू नको म्हणून बजावलं. तो बिचारा खुर्च्या मांडता मांडता दंड खाजवत होता. साडभाऊंनी त्याला धरून उन्हात उभं केलं आणि खालची पापणी ओढली. डोळे पिवळे होते.

‘‘कईपासून खाज हाये?’’

‘‘तुमाले कोनं सांगतलं? रविवारी माळ घालाले चाल्लो न मी.’’

साडभाऊंनी पिशवी आणि कणीस माझ्या हातात दिलं, ‘‘तुमी चालवा,’’ म्हणाले आणि त्याच्याच टेम्पोत त्याला बसवून अकोल्याला घेऊन गेले. मी कार्यक्रम चालवला. चार माणसं होती. शेवटी एका आजीनं कणीस मागून घेतलं.

त्या माणसाच्या पित्तनळीत खडा निघाला. कॅन्सर नव्हता. खडा काढला, माणूस ठणठणीत झाला. साडभाऊंनी दुकानात येईल त्याला पेढा दिला. ‘‘कॅन्सर नाई निघाला!’’ अस्तर घ्यायला आलेल्या बाया पेढा हातात धरून एकमेकींकडे पाहायच्या.

महिन्याभरानं मी दुकानात बसलेलो असताना मंडपवाल्याची बायको आली. तिनं पिशवीतून साडी काढून काउंटरवर ठेवली.

‘‘काकूसाठी आनली. कुठं हायेत त्या?’’

‘‘घरी नाई,’’ साडभाऊ म्हणाले.

‘‘मंग थांबतो मी. येऊ द्या त्याईले. माह्या हातानं ओटी भरतो.’’ ती स्टुलावर बसली.

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

‘‘सुमन गेली,’’ ते म्हणाले. पाच वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. मग पाठदुखीपासून सुरुवात करून त्यांनी तिला सगळं सांगितलं. माळेचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘‘दोन हात अंतरावर बसून जेवत होती. मले दिसाले पायजे होतं.’’

बाई उठली नाही. म्हणाली, ‘‘आमच्या याईचं तं दिसलं न काका तुमाले.’’

साडभाऊंनी तोंडाला पंचा लावला आणि ढसाढसा रडले. तेवढ्यात एक बाई अस्तर मागत दारात उभी राहिली, म्हणून मीच उठून गठ्ठे काढायला लागलो. मला अस्तरातलं काही कळत नाही. तिनं जे मागितलं ते सोडून बाकी सगळं दाखवलं.