विचारपूस आणि अकरा फेरे

आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला, त्या पहिल्याच दिवशी एकोणीस फोन आले. मी मुद्दाम मोजले. कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दोन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही, गार वारा लागू द्यायचा नाही आणि बोलणं जेवढं कमी तेवढं बरं. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरा डाग होता. ताप उतरून पुन्हा चढला तर थेट भरती करावं लागेल, हे त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बजावलं, म्हणजे बाईंना माणसं कळतात.

हे पाणी सोडतात. सव्वीस वर्षं झाली. पहाटे साडेपाचला ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातली सात झाकणं एकेक करून उचलायची आणि प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह ठरलेले फेरे फिरवायचा. उतारावरच्यांना जास्त दिलं तर चढावरच्यांच्या नळातून नुसती हवा येते, म्हणून हे चावीच्या दांड्याला कान लावतात आणि आत पाणी कसं धावतंय ते ऐकून अर्धा फेरा इकडे-तिकडे करतात. कुठे किती फेरे, ते सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. लिहून ठेवा म्हटलं की म्हणायचे, त्यात लिहायचं काय? यंदाच्या थंडीत झाकणांखालच्या त्या खड्ड्यांत गुडघाभर पाण्यात उभं राहून आठवडाभर खोकला अंगावर काढला. तो शेवटी फुप्फुसात जाऊन बसला.

ऑफिसने बदली माणूस पाठवला. माणूस भला, पण त्याने सातही व्हॉल्व्ह पूर्ण उघडले आणि तो मोकळा झाला. खालच्या गल्लीत टाक्या भरून पाणी रस्त्यावर आलं, वरच्या गल्लीत बादली भरेना. आणि फोन मात्र सगळे आमच्या घरी.

बरं, फोनची सुरुवात इतकी गोड, की रागावायचीही सोय नाही. ऐकून फार वाईट वाटलं, औषध वेळेवर घ्या, पाण्याचा विचार तर अजिबात डोक्यात आणू नका. मग पलीकडचा माणूस जरा थांबायचा आणि घसा खाकरायचा. वास्तविक खाकरायचा हक्क आमच्याकडचा. आणि मग हळूच यायचं, तेवढं आमच्या गल्लीचं काही सांगता येईल का?

मी फोन घेऊन "झोपलेत" म्हणायचा अवकाश, आतून आवाज यायचाच, "कोण आहे गं?" मग हे फोन मागून घेणार आणि शाळेसमोर चार फेरे, फक्त चार, एवढं सांगता सांगता चाळीस वेळा खोकणार. बरगड्या धरून खोकणार. मी छातीच्या फोटोच्या पाकिटावर प्रत्येक फोन लिहायला लागले. कोणाचा, किती वाजता, हे काय बोलले. डॉक्टरीणबाईंपुढे पुरावा ठेवायचा होता, दुसरं काही मनात नव्हतं.

घरचं झालं थोडं, अशातली गत, तिसऱ्या दिवशी मित्रमंडळी प्रत्यक्ष आली. सलूनवाले भाऊजी, बेकरीवाले भाऊजी आणि शाळेचे शिपाई. तिघे पलंगाला खेटून बसले. एक म्हणाले वाफ घ्या, दुसरे म्हणाले वाफेनेच छाती भरते, तिसऱ्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या फुप्फुसाची सगळी हकिगत सांगितली. तो मेव्हणा वाचला का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सलूनवाले भाऊजी एकदा बोलायला लागले की समोरच्याला तोंड उघडावं लागत नाही. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्यांची ती सवयच आहे. उठताना त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. तू फक्त बरा हो, बाकी जग गेलं खड्ड्यात, म्हणाले. दाराशी चप्पल घालता घालता मला विचारलं, "वहिनी, त्याला जरा विचारून ठेवा ना, आमच्या गल्लीला अकरा फेरे की बारा?"

मी कपाळावर हात मारला. त्यांनी नाही पाहिलं.

सहाव्या दिवशी पहाटे जाग आली तर पलंग रिकामा. हे दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होते. अंगात दोन स्वेटर, चावी भिंतीला टेकवलेली, आणि बुटाची नाडी बांधायला वाकले की श्वास पुरत नव्हता म्हणून मध्येच थांबत होते. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"अहो, कुठे निघालात?"

"वरच्या गल्लीला चार दिवस पाणी नाही. सगळे एवढी माझी विचारपूस करतात. मला पडून राहवत नाही."

मी चावी उचलली. चांगली जड होती. म्हटलं, मी जाते, त्या बदली माणसाजवळ उभी राहून मोजून घेते. हे म्हणाले, तुला काय कळणार त्यातलं. मग मी पाकीट आणलं आणि दिव्याखाली धरून वाचलं. चौकातल्या टाकीपाशी पाच. शाळेसमोर चार. बेकरीच्या कोपऱ्यावर आठ. पुलापाशी साडेसात. अशी सातही झाकणं, सलूनच्या गल्लीतल्या अकरापर्यंत.

ह्यांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं. मग एक बूट काढला.

"पुलापाशी सात," म्हणाले. "साडेसात देऊन अर्धा मागे घ्यायचा."

मी गेले. बदली माणसाला उलट बरंच वाटलं. तो फिरवत होता, मी मोजत होते, दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सातव्या झाकणापर्यंत उजाडलं आणि वरच्या गल्लीतून बादल्यांचे आवाज यायला लागले.

त्या दिवशी एकही फोन आला नाही.

मी मनातून खूश. दुपारी ह्यांनी विचारलं, फोन चार्ज केलायस ना? केला होता. संध्याकाळी त्यांनी तो स्वतः उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना अर्धी पोळी ताटात राहिली. सगळीकडे व्यवस्थित पाणी गेलं असणार, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते काही खोटं नाही. इतके दिवस मी त्या फोनांना शिव्या घातल्या होत्या, आता न करणाऱ्यांना घालायला लागले. एवढे मित्र, पण नुसतं "कसा आहेस" म्हणायला एकाचं बोट वळेना.

दिवे लागल्यावर हे म्हणाले, "उद्या सकाळी जरा चक्कर मारून येतो. नुसता बघून येतो. माणसं भेटतील."

ताप नुकता उतरला होता. बाहेर असं गार, की नळाला हात लावला तर बोटं बधिर व्हावीत. मी गुपचूप ह्यांचे बूट धान्याच्या डब्यामागे लपवले.

पहाटे सलूनच्या गल्लीत बदली माणूस नववा फेरा देऊन दहाव्याला लागला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा. नऊ पुरे."

"काल अकरा होते, वहिनी."

"काल होते."

घरी आले तर हे पलंगाखाली वाकून बूट शोधत होते. तेवढ्यात फोन वाजला. सलूनवाले भाऊजी. हे तिथेच पलंगावर टेकले, मग आडवे झाले, मी उशी सरकवली. भाऊजींनी झोपेपासून भुकेपर्यंत सगळं विचारलं आणि उत्तरंही बहुतेक स्वतःच दिली असावीत, कारण सतरा मिनिटांत ह्यांना नुसतं हं-हं करावं लागलं. खोकला एकदाच आला. शेवटी "सांगतो बदलीवाल्याला" म्हणून ह्यांनी फोन ठेवला. चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

मी भाजी निवडायला घेतली होती.

"पाणी येतंय, पण जोर नाही म्हणतो," हे म्हणाले. "नऊच दिलेस त्याला?"

मी मान वर केली नाही. सव्वीस वर्षं दांड्याला कान लावून पाणी ऐकणाऱ्या माणसापुढे खोटं काय बोलणार?

"उद्या त्याला अकरा दे," म्हणाले, आणि रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली. बुटांचं नाव काढलं नाही. मला वाटलं झोप लागली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "आणि बेकरीच्या कोपऱ्यावर उद्या सहाच दे. त्याचा दोन दिवस फोन नाही."

मी पाकीट काढलं आणि लिहून घेतलं.