मातीतला मोरपंखी

जमिनीला सात-बाराच्या उताऱ्यावरून ओळखणारी माणसे आमच्या जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतात. पण जमिनीच्या पोटात कोणत्या दिवाळीचा कोणता रंग निजला आहे, हे नुसत्या नजरेने सांगणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो कोल्हापुरात, शाहूपुरीत आमचा घरमालक होता. नव्वदच्या दशकात त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, म्हणून ते मला 'बाई' म्हणत. आणि कबनूरच्या वाटेवरच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात, ज्याला तिकडे नुसते 'प्रोसेस' म्हणतात, ते रंगाचे मुख्य कारागीर होते, म्हणून त्यांना सारे गाव 'मास्तर' म्हणे. त्यांच्या नखांच्या मुळाशी कायमची निळाई होती. ते जिना चढून आले की आधी त्यांचा वास येई: ओल्या सुताचा, वाफेचा, आणि जिभेवर गंजक्या चावीची चव आणणाऱ्या आणखी कशाचा तरी.

मास्तरांनी आयुष्यात कोणत्याही वस्तूला नुसते लाल किंवा हिरवे म्हटले नाही. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कापडाच्या बोटभर तुकड्यांची एक वही असे, आणि जगातील प्रत्येक वस्तू त्या वहीशी ताडून पाहिल्याशिवाय ते तिचे अस्तित्व मान्य करीत नसत. मंडईत टोमॅटो घेताना ते वही उघडत, आणि भाजीवाली हताश होऊन म्हणे, "मास्तर, टमाटं खायचं हाय का नेसायचं?" घरी आमटी पानात पडली की ते ताट उजेडाकडे तिरपे करीत. "कालच्यापरीस एक शेड डार्क हाय." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातूनच उत्तर देत, "शेड ऱ्हाऊ द्या तिकडं. आमटी खावा." पण कहर झाला तो हळदीकुंकवाच्या दिवशी. माडीवर जमलेल्या बायकांत हे गृहस्थ ओला रुमाल घेऊन शिरले आणि बँकेतल्या एका मॅनेजरच्या पत्नीचा पदर चिमटीत धरून घासू लागले. ती माउली भीतीने पांढरी पडली. रुमालही पांढराच राहिला. "पक्का हाय," मास्तर आनंदाने ओरडले, "आमच्याकडचाच असणार! कापड फाटंल, पर रंग जायाचा न्हाई." त्या वाक्यावर त्यांचे सारे आयुष्य उभे होते.

मग प्रोसेस बंद पडली. यंत्रे भंगारात गेली, धुराडे पाडले, आणि काही महिन्यांत तिथे एक भव्य फलक उगवला. फलकावर दोन राजहंस होते, कमळे होती, बाकावर बसलेले एक गोरेपान कुटुंब होते आणि वसाहतीच्या नावात 'सरोवर' हा शब्द होता. हे सरोवर म्हणजे प्रोसेसच्या सांडपाण्याचा जुना खड्डा. त्यात राजहंस सोडाच, साधी म्हैस कधी उतरली नव्हती. आणि कोल्हापूरकडची म्हैस पाण्याच्या बाबतीत किती उदार असते हे सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी मात्र घरांसाठी रांगा लावल्या. त्या रांगेत मास्तरांची एकुलती लेकही होती. तिचे सासर तिथून जवळ, मांडीवर दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाची मुलगी. पेढे घेऊन ती हरखून सांगायला आली, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारे तिचे वडील त्यानंतर आठ दिवस एक अक्षर बोलले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी मांजरपाटाच्या पांढऱ्या पट्ट्या फाडल्या, ल्युनाला पिशवी लावली आणि ते त्या जागेवर जाऊन जागोजाग पट्ट्या पुरून आले. पुढच्या आठवड्यात त्या उकरून आणल्या, धुतल्या आणि आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या. ती दोरी मी विसरलेले नाही. एका पट्टीवर शेवाळी छटा धुक्यासारखी चढली होती, एकीवर जांभळाच्या रसाचा ओघळ होता, आणि मधल्या पट्टीवर असा मोरपंखी उमटला होता की वाऱ्याने ती हलली तेव्हा अंगणात कुणीतरी पिसारा उघडल्याचा भास झाला. मास्तर एकेका पट्टीपाशी थांबून जुना स्नेही भेटावा तसे बोलत होते: "ह्यो दिवाळीचा माल. ही शेवाळी, मिरजंच्या व्यापाऱ्यानं परत केल्याली. आणि हा... हा माझा मोरपंखी." मी मूर्खासारखी म्हणाले, "किती सुंदर आहे हो!" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "देखणा हायच की, बाई. म्हणून तर भ्या वाटतंय. नात त्यात रांगणार हाय."

पट्ट्या घेऊन ते बिल्डरकडे गेले. बिल्डर लाघवी होता. त्याने ताबडतोब जमिनीचे शुद्धीकरण करवले: भटजी बोलावले, पंचगंगेचे पाणी शिंपडले आणि वर वीतभर लाल मुरूम पसरला. "नदीलाच आधी कुणीतरी काय शिंपडाया पायजे," असे पुटपुटत मास्तर परतले आणि मुरुमाखाली पुन्हा पट्ट्या पुरून आले. पुन्हा मोरपंखी. मग तपासणीला एक सरकारी साहेब आले. त्यांनी नाकाला रुमाल लावून सर्व परिसर फिरून पाहिला आणि कोणताही वास येत नसल्याचे लिहून दिले. तरीही मास्तर हटेनात, तेव्हा बिल्डरने खरोखरच माती खणायला काढली. डंपर भरभरून पुढच्या फाटकातून बाहेर पडू लागले आणि गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी टाळ्या न वाजवता ल्युनाला किक मारली. डंपर कबनूरच्या चौकातून वळला, उसाच्या शेतांना वळसा घालून आला आणि मागच्या फाटकातून आत शिरला. त्या मातीची तिथे एक टेकडी रचली जात होती. वर हिरवळ, पायथ्याशी घसरगुंडी. मुलांचे उद्यान! पुढच्या जाहिरातीत राजहंसांच्या मागे डोंगरही दिसू लागला.

घरे ताब्यात देण्यापूर्वी मांडव घालून सर्व गिऱ्हाइकांची सभा झाली, आणि काकूंबरोबर मीही गेले. मास्तर उभे राहिले, पिशवीतून पट्ट्या काढल्या. बिल्डर हसून म्हणाला, "मास्तर, पांढरं फडकं कुठंबी पुरलं तर डाग पडणारच की!" मांडव हसला. पुढच्या रांगेतला एक पैलवानी गडी म्हणाला, "पर पावणं, खाली रंग हाय हे तुमाला सांगितलं कुणी?"

"सांगतंय कोण? मीच वतलाय."

हसू तिथल्या तिथे विरले. कुणीतरी सोडवायला म्हणून मागून ओरडले, "मालकानं वताय लावलं म्हणा की!"

"मालकाला खड्डा कुठं हाय त्येबी ठावं नव्हतं," मास्तर म्हणाले. "खड्डा भरला की भिताडाच्या मागं पाणी सोडा म्हणून मी सांगायचो. उन्हाळ्यात गाळ मीच पुरून घेतला. वळख पटल्याबिगर बोलत न्हाई मी."

त्यांची लेक पदर सावरत उठली. "अप्पा, खाली बसा. सासरची माणसं हाईत हितं."

"हाईत म्हणूनच उभा हाय," ते म्हणाले. "पक्का रंग दिला म्हणून जन्मभर मिरवलो, पोरी. ह्योबी पक्काच निघाला."

सभा मोडली. घरांचे वाटप थांबले. एक समिती आली. तिने चहा घेतला, टेकडी पाहिली आणि पुन्हा चहा घेतला. अशा चार समित्यांच्या चहानंतर, नवे शतक उजाडून काही वर्षे झाल्यावर, ती माती ताडपत्रीखाली झाकून दूरच्या, विषारी कचऱ्यासाठी अस्तर घातलेल्या एका खड्ड्याकडे नेण्याचा हुकूम निघाला. मास्तर रोज डबा घेऊन फाटकाशी बसत. एकेका डंपरमागे ल्युना घालून तो वाटेत कुठे वळत नाही ना, हे पाहत. चालक वैतागून म्हणत, "मास्तर, आता लग्नाची वरात हाय का ही?" ते हसत नसत. कारण सभेच्या त्या दुपारपासून लेक त्यांच्याशी बोलली नव्हती. सासरी तिला जे ऐकावे लागत होते, ते काकू माझ्यापाशी सांगत आणि त्यांच्यापासून लपवत. आणि ते सर्व त्यांना ठाऊक असे.

अखेर लेकीला घर मिळाले. वास्तुशांतीला मीही गेले होते. नात आता शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. अंगणातल्या बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेतला दाखला बिल्डरने चौकट करून भिंतीवर लावला होता. चैत्राचे ऊन तापलेले, पाने मांडलेली, भाताची वाफ दरवळत होती. इतक्यात मास्तर उठले, बोअरचे पाणी त्यांनी पेलाभर घेतले आणि उभ्याने घटाघटा प्यायले. मग पेला जमिनीवर ठेवून भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "कुणी पाण्याला हात लावायचा न्हाई. तासभर थांबा."

एका तासात काही कळत नसते, हे मला ठाऊक होते, आणि मला वाटते, त्यांनाही होते. पण साठ पाहुणे कोरड्या घशाने त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. सासरे दोनदा खाकरले. तास पुरता झालाही नसेल, तेव्हा लेक आतून आली. तिने वडिलांसमोरचा तोच पेला उचलला, भरला, आणि कुणालाही न देता स्वतः प्यायली. नंतर आपल्या मुलीला हाक मारून अर्धा पेला तिला दिला. मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवले.

"अप्पा," ती म्हणाली, "उठा आता. माणसं जेवायची खोळंबल्यात."

पंगत बसली तोवर भात पार गार झाला होता. मास्तरांनी तो मागून मागून दोनदा घेतला.