आवाज न होणारा व्यायाम

बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मी ती लगेच घेतली. शाखेत संगणक आले होते, माणसं जास्त झाली होती, आणि मला रोज सकाळी टेकडीवर फिरायला जायचं होतं. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. नवरा हिंजवडीच्या कंपनीत, सकाळी बसने जायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर आम्ही दोघीच.

वर्षभरात माझे ब्लाउज उसवून उसवून आतलं कापड संपलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर काठावर होती.

"तीन महिने देतो," ते म्हणाले. "पोटावरची चरबी उतरवा. नाहीतर गोळ्या, आणि त्या सहसा सुटत नाहीत. तुम्ही आडव्या पडलात तर सासूबाईंना कोण उचलणार?"

हा प्रश्न मला त्यांच्या आधीपासून पडलेला होता.

चालायला जा, असं जो तो सांगायचा. एकदा गच्चीवर चालून आले. खाली येऊन बघते तर सासूबाई कॉटच्या कडेला अर्ध्या लोंबत होत्या; त्यांना पाणी हवं होतं. मग देवघरातली घंटा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि ठरवलं, जो काही व्यायाम करायचा तो घंटा ऐकू येईल असाच.

आधी दोरीवरच्या उड्या मारल्या. धाप चांगली लागायची. पण आठवड्याच्या आत खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे राहिले.

"वहिनी, आमचा पंखा हलतोय. आपण काही कुटताय का?"

"स्वतःलाच."

"मग जरा हलक्या हाताने कुटा," असं म्हणून ते जिना उतरले.

नवऱ्याने ट्रेडमिल आणली. त्याच्या ऑफिसात दिवसभर उघडी असलेली जिम होती, तिथे तो कधी फिरकला नव्हता. घरी मात्र यंत्र आलं म्हणजे प्रश्न सुटला अशी त्याची समजूत. ट्रेडमिलने वजन उतरायला लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. पण पट्टा सुरू झाला की त्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नसे. एकदा घाम पुसत खोलीत गेले तर सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "एवढी घंटा बडवली. देव जागे झाले असतील, तू काही आली नाहीस."

ट्रेडमिल बंद. टीव्हीवर बघून योगासनं केली. शांतता भरपूर होती, कमरही मोकळी झाली, पोट मात्र जागच्या जागी. शवासनात तर झोपच लागायची.

शेवटी वजनं उचलायला घेतली, तीही सासूबाईंना कुशीवर वळवताना पाठीत चमक आली म्हणून. पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरली. खुर्चीवर न टेकता उठबस सुरू केली.

"पैलवान होशील," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला उचलायला पैलवानच लागतो, आई."

यात आवाज नव्हता. जोडीला जेवणानंतर बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा झपझप फेऱ्या. नुसत्या फेऱ्यांनी पोट थोडं उतरलं असतं, पण ताकद आली नसती. नुसत्या बाटल्यांनी उलट झालं असतं. दोन्ही मिळून जमलं. तीन महिन्यांनी काटा थोडासाच हलला होता, पण साडीचा घेर कमी झाला आणि साखर खाली आली.

डॉक्टर खूश झाले. "आता बाहेर पडा. नुसत्या घरातल्या व्यायामावर साखर फार दिवस खाली राहणार नाही. रोज भरभर चाला."

नवरा म्हणाला, "मी संध्याकाळी लवकर येतो. अमेरिकेचा कॉल घरूनच घेईन. तू जा."

गेले. सगळे रस्ते खणलेले होते, स्कूटरवाले फुटपाथवरून येत होते, तरी मी कुणी मागे लागल्यासारखी चालले. परत आले तर नवरा हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलत होता आणि आत सासूबाई ओल्या चादरीत पडलेल्या होत्या. गादीपर्यंत सगळं भिजलं होतं.

"मला ऐकूच आलं नाही गं," तो म्हणाला आणि पुन्हा कॉलवर गेला.

मी चादर बदलत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उद्याही जा."

"किती वेळ ओल्यात होतात, आई?"

"ते सोड. तू जात राहा. एक दिवस त्याला ऐकू येईल, नाहीतर मी आपोआप वाळेन."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही, नंतरही नाही. नवऱ्याने दोन-तीनदा विचारलं, मग तो पुन्हा रात्री जेवायला यायला लागला. बाटल्या आणि फेऱ्या चालू होत्या. पुढच्या तपासणीला साखर पुन्हा काठावर होती, आणि त्याच्या पुढच्या तपासणीला काठ ओलांडलेला.

"बाहेर चालता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी आणखी काही न विचारता गोळी लिहून दिली. घरी येऊन मी सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात माझी स्ट्रिप ठेवली. त्या बघत होत्या.

"तुला जा म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.