सतरा खोल्यांची पाहुणी

माझे वडील रेल्वेत टीसी. त्यामुळे विनातिकीट माणूस आणि खोटी सही, या दोन गोष्टींचा मला लहानपणापासून तिटकारा. डहाणूच्या रेल्वे क्वार्टर्समधून विद्यापीठाच्या होस्टेलला गेले तीही त्याच ताठ्यात. हजारो मुलंमुली, तीन कॅन्टीन, रोज कुणाचा तरी वाढदिवस, आणि मी आपली दार लावून आत. कोपऱ्यातली एकटीची खोली मिळाली होती, त्याचा कोण आनंद!

त्याच वर्षी तलासरीकडची एक मुलगी शेवटच्या फेरीत अॅडमिशन घेऊन आली. होस्टेल भरलेलं, तिचं नाव वेटिंग लिस्टवर. बाहेर भाड्याने राहायची ऐपत नाही. तिच्या पाड्यावरून विद्यापीठात आलेली ती पहिलीच, घरचे कसेबसे तयार झालेले. एकदा परत गेली की ती पुन्हा येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला तारलं नरपडच्या एका सीनियर ताईने. ताईची आई मासळी विकायची आणि लेकीचा आवाजही तसाच, तळमजल्यावर बोलली तर गच्चीत ऐकू यायचं. होस्टेलचा एक नियम तिने हुडकून काढला. प्रत्येक मुलीला महिन्यातून तीन दिवस घरची बाई पाहुणी म्हणून ठेवता येते. स्लिप भरायची, रेक्टर मॅडमची सही घ्यायची. "दहा जणी गाठल्या की महिना निघाला!" म्हणत ताई दारोदार सुटली.

स्लिपवर 'नातं' असा रकाना होता. सगळ्या तिथे 'बहीण' लिहायच्या. रजिस्टरप्रमाणे त्या मुलीला लातूरला एक बहीण होती, नंदुरबारला दोन, आणि दमणची एक तर चक्क ख्रिश्चन. रेक्टर मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि गुपचूप सही ठोकायच्या. कमाल बाई!

ताई माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "मी नाही खोटं लिहिणार."

"अगं, तुझ्याच बाजूची आहे ती!"

"मी डहाणूची, ती तलासरीची. बाजूची कसली?"

ताईने कपाळावर हात मारला. "बाबांचा काळा कोट तूच घालून आलीस वाटतं," म्हणाली आणि निघून गेली.

ती मुलगी दर तीन दिवसांनी बॅग उचलून खोली बदलायची. दुसरी कुणी असती तर रडकुंडीला आली असती. हिचं वेगळंच! जिथे राहील तिथल्या सगळ्यांची होऊन जायची. कुणाला स्टॅटिस्टिक्स अडलं की म्हणायची, "खाली बारा नंबरला एक हुशार आहे, चल." कुणी आईचा फोन ठेवून रडत बसली तर तिला उठवून चहाला न्यायची, आणि वाटेत आणखी चौघींना गोळा करायची. वर्षभर शेजारी राहून एकमेकींकडे न बघणाऱ्या मुली तिच्यामुळे एका ताटात जेवायला लागल्या. मी दाराआडून त्यांचं हसणं ऐकायचे. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण जायचं कोणत्या तोंडाने?

डिसेंबरात गणित बिघडलं. परीक्षा जवळ आली तशा खऱ्या आया आणि खऱ्या बहिणी राहायला आल्या. सतरा खोल्या फिरून झाल्या होत्या, आणि महिन्याचे शेवटचे तीन दिवस कुणाचीच स्लिप उरली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "बाई गं, एक तरी कागद आण. नाहीतर माझा नाइलाज आहे." ताई पुन्हा माझ्याकडे आली, तावातावाने बोलली. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक. ती मुलगीच होती, खांद्याला बॅग.

"घरी चाललेय," ती म्हणाली. "डहाणूलाच उतरून तलासरीची एसटी धरणार. तुझ्या घरी काही द्यायचंय का?"

आणि माझा निर्लज्जपणा बघा, माझा हात खरंच आईच्या लाडवांच्या रिकाम्या डब्याकडे गेला. दिला मी तो तिला! तिने बॅग उघडली. डबा मावेना, म्हणून स्वतःची दोन पुस्तकं काढून हातात घेतली आणि डबा नीट आत बसवला. "आईंना सांगू ना, बरी आहेस म्हणून?"

मला रडूच फुटलं. तिला तिथेच बसवून मी चपला न घालता खाली पळाले आणि स्लिप भरली. 'नातं'पुढे ठळक अक्षरात 'बहीण' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "बरीच उशिरा भेटली गं बहीण."

ते तीन दिवस माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी चौदा जणी होत्या, दोघी तर खिडकीत. तिसऱ्या दिवशी यादी लागली आणि तिला पलीकडच्या इमारतीत कॉट मिळाली. सगळ्या नाचत होत्या. मला मात्र, अगदी खरं सांगते, वाईट वाटलं.

तिचं सामान पोचवायला मी निघाले. व्हरांड्यात दारोदारी तिला हाका. एकीने माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण गं? नवीन आली का?" सहा महिने मी त्याच मजल्यावर राहत होते.

"ही? माझी रूममेट," ती म्हणाली, आणि बॅगेचा दुसरा बंद तिने माझ्या हातात दिला.